आयरिश कॉफी घरी करताना पैसे कशावर घालायचे, व्हिस्कीवर की क्रीमवर?

कोरीकॉफी (धागा):

आयरिश कॉफीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास "व्हिस्की कोणती?" हाच असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा. घरी हे पेय बिघडतं ते बहुतेक वेळा क्रीमपायी.

आधी माप सांगते. १८० मिलीचा जाड काचेचा ग्लास घ्या, त्यात स्टीलचा चमचा ठेवून उकळतं पाणी ओता आणि मिनिटभर थांबा. चमचा नसेल तर काच तडकू शकते. पाणी फेकून २ सपाट चमचे (८ ग्रॅम) ब्राउन शुगर, त्यावर ११० मिली गरम कॉफी. साखर पूर्ण विरघळली की ४० मिली व्हिस्की घालून एकदा ढवळा. वर बोटभर जागा उरते, ती क्रीमची. चमचा उलटा धरून कॉफीच्या पृष्ठभागाला टेकवा आणि क्रीम त्याच्या पाठीवरून हळू सोडा. यानंतर ढवळायचं नाही. थंड क्रीमखालून कडक गरम कॉफी ओठांना लागते, त्यासाठीच तर हा खटाटोप.

क्रीम किमान ३० टक्के स्निग्धांशाचं हवं, ३५ असेल तर उत्तम. फ्रिजमधून काढल्या काढल्या घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरून १०-१५ सेकंद हलवा. चमच्यावरून सोडलं की धार पडावी, तिची रेघ दिसावी आणि दोन-तीन सेकंदांत मिटावी. रेघ उमटलीच नाही तर क्रीम बुडेल. मिटलीच नाही तर वर गोळा बसेल आणि कॉफी त्यातून येणारच नाही. त्याच्याही पुढे गेलात तर लोणी.

आयर्लंडमध्ये फॉइन्सच्या विमानतळावर आचारी जो शेरिडन यांनी १९४०च्या दशकात हे पेय केलं. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत त्याची नक्कल करायला बसले तेव्हा अडलं ते क्रीमपाशीच, सारखं बुडत होतं. कॅफेवाले सांगतात त्यानुसार शेवटी डेअरीचे मालक, पुढे शहराचे महापौर झालेले जॉर्ज ख्रिस्तोफर यांनी तोड काढली: क्रीम ४८ तास मुरू द्यायचं आणि मग बेताचं फेसायचं.

खडीसाखर:

क्रीमबद्दल सगळं मान्य. "व्हिस्की शेवटी" याला मात्र ठाम विरोध. थंड पेयात हलक्या प्रतीच्या व्हिस्कीचे दोष बर्फाखाली दडतात, गरम पेयात उलट होतं. २५ अंशांची ४० मिली व्हिस्की ८५ अंशांच्या कॉफीत पडली की मिश्रण साधारण ७० अंशांवर येतं. त्या उष्णतेला वास भराभर उडतात आणि प्रत्येक घोटाला नाक ग्लासातच असतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचा पाया मळीपासून काढलेलं स्पिरिट असतो, त्याचा झणका कॉफीतूनही वर येतो.

आयरिश व्हिस्की इथे बसते ती केवळ नावामुळे नाही. बहुतेक आयरिश ब्लेंड (वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेले) धुराच्या वासाचे नसतात आणि चवीला मऊ असतात. पीटचा (दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीचा) धूर असलेली स्कॉच घातली तर कॉफीचा भाजका वास आणि तो धूर एकमेकांवर कुरघोडी करतात. आयात बाटली नको असेल तर धूर नसलेली भारतीय सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात नुसत्या माल्टपासून, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली) चालेल. तिच्यावर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असेल तर ४० ऐवजी ३७ मिली.

कोरीकॉफी:

@खडीसाखर, झणक्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. तरी सिंगल माल्ट कॉफीत ओतणं मला पटत नाही. तिचे फळांचे, मधाचे बारकावे कडक कॉफीपुढे टिकत नाहीत. साधा आयरिश ब्लेंड पुरे, उरलेले पैसे चांगल्या क्रीमला.

आणि एक, व्हिस्की कोमट करायला पातेल्यात घालून गॅसवर ठेवू नका. वाफ पेट घेते. बाटली खोलीच्या तापमानाला असली की झालं.

फिल्टरवाला:

तुम्ही दोघंही कॉफीला ओतायचं पाणी समजताय. ग्लासात सर्वांत जास्त तीच आहे! व्हिस्की आणि क्रीम दोन्ही तिला फिकट करतात, म्हणून ती रोजच्यापेक्षा कडक हवी. फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याने जाळी खाली दाबायच्या कॉफीच्या भांड्यात) १५ ग्रॅम जाडसर पूड, १८० मिली पाणी, ४ मिनिटं. पूड जवळपास ३० मिली पाणी धरून ठेवते, हातात १५० मिली येते. भाजणी मध्यम ते गडद. हलक्या भाजणीचा आंबटपणा व्हिस्कीबरोबर टोचतो आणि पातळ क्रीम त्यात फाटूही शकतं.

घरात दाक्षिणात्य फिल्टर असेल तर ५० मिली डिकॉक्शन आणि ६० मिली गरम पाणी. फक्त पाकीट वाचा. नियमाने कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, बाकी चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) असू शकते. जास्त चिकोरीची पूड व्हिस्कीच्या लाकडी कडवटपणावर आणखी कडवटपणा चढवते. इथे निव्वळ कॉफीच घ्या.

दुधावरची:

बाजारात सहज मिळतं ते टेट्रापॅकमधलं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम. ते फेसत नाही, कारण हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं धरायला स्निग्ध कण कमी पडतात. पाकीट न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवा आणि वरचा घट्ट भागच घ्या. ३५ टक्क्यांची सर येत नाही, पण थर टिकतो. घरची साय मात्र नकोच. दूध तापवताना तिचे कण आधीच एकमेकांना चिकटलेले असतात. हलवली की लोण्याच्या गाठी होतात आणि कॉफीवर तुपाचे थेंब तरंगतात. केकवर लावायचं वनस्पती तेलाचं व्हिप टॉपिंगही नको, ते आधीच गोड असतं आणि टाळूला चिकटतं.

साधीसोपी:

साखर हवीच का? कॉफी बिनसाखरेची पिणाऱ्यांवर ही सक्ती कशाला? क्रीम फेसलेलं असलं की तरंगतंच.

कोरीकॉफी:

@साधीसोपी, तरंगतं, पण किती वेळ? व्हिस्की कॉफीला हलकी करते, साखर ती परत जड करते. बिनसाखरेच्या ग्लासात क्रीम लवकर खाली उतरू लागतं आणि पाच मिनिटांत हाती नुसती दुधाळ कॉफी राहते. गोड नकोच असेल तर साखर एका चमच्यावर आणा आणि क्रीम थोडं जास्त घट्ट करा. शून्यावर नका जाऊ.

खडीसाखर:

साखरेवर कोरीकॉफीशी सहमत, सिंगल माल्टवर अजूनही नाही.

मापाचा पेला ३० मिलीचाच असेल तर ३० मिली व्हिस्की, ८० मिली कॉफी आणि दीड चमचा साखर घ्या, ग्लासही १३०-१४० मिलीचाच. मोठ्या ग्लासात कॉफी वाढवून जागा भरलीत तर व्हिस्की हरवते. आणि कॉफी प्यायल्याने झोप उडते, चढलेली उतरत नाही. दोन ग्लास झाल्यावर गाडीची किल्ली हातात घेऊ नका.