मदत हवी आहे: खडे पित्ताशयात, मग आईचा खांदा का दुखतोय?

आईचं वय ६१, राहायला सांगलीला. आठ महिन्यांपासून उजव्या फऱ्यात दुखतं म्हणते. रोज नाही. रात्रीचं, आणि बहुतेक वेळा कुठेतरी जेवून आल्यावर. बाम झाला, तिळाचं तेल झालं, फ्रोझन शोल्डर असेल म्हणून व्यायामही झाले. पण गेल्या महिन्यात घरी गेले होते तेव्हा तिने त्याच हाताने वरच्या फळीवरचा सोऱ्याचा डबा खाली काढला, तोंडातून 'आई गं'सुद्धा नाही. तिथे मला शंका आली.

परवा बारशाला पुऱ्या-बासुंदी झाली. रात्री दीडला घाम फुटून उठली, दोन उलट्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून पिशवीच काढायची. पाच मिनिटांत सांगून पुढचा पेशंट आत.

आता आई अडून बसली आहे. "दुखतंय खांद्याला आणि कापणार पोट?" आणि वर, "पित्त मला लग्नाआधीपासून आहे, आमसुलाच्या सारानं जातं. पिशवी काढली तर पित्त साठणार कुठे?"

ऑपरेशन करू की नको हे विचारत नाहीये, दुसऱ्या सर्जननीही तेच सांगितलंय. फक्त आईला पटेल असं कुणी समजावून सांगेल का?

खडूफळा:
नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो.

आधी दुसरा प्रश्न, कारण घोळ शब्दाचा आहे. जळजळ, आंबट ढेकर याला आपण पित्त म्हणतो, पण ते जठरातलं आम्ल. त्याचा या पिशवीशी संबंध नाही. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली पेअरच्या आकाराची टाकी, मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. तेलतूप लहान आतड्यात पोचलं की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि पिशवी आवळली जाते. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर ती बंद बाटली पिळल्यासारखी पिळत राहते. म्हणून पुऱ्यांनंतर. टाकी काढली तरी नळ चालूच असतो, रस यकृतातून थेट आतड्यात उतरतो.

आता खांदा. पित्ताशयाकडून येणारे चेतातंतू आणि उजव्या फऱ्याखालच्या कातडीचे चेतातंतू मज्जारज्जूत एकाच पातळीवर शिरतात. मेंदूला कातडीकडून निरोप येण्याची सवय, आतल्या अवयवांकडून क्वचितच. मग तो फऱ्यावर आळ घेतो. खांद्याच्या टोकाला दुखलं तर वाट वेगळी: सुजलेलं पित्ताशय वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास देतं, आणि श्वासपटलाची फ्रेनिक नर्व्ह निघते थेट मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास श्वासपटलाची सुरुवात मानेजवळच होते. नंतर ते खाली सरकतं आणि नर्व्ह आपल्यामागे ओढत नेतं. मला स्वतःला शरीरातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. हार्ट अटॅकमध्ये डावा हात दुखतो तेही याच जातीचं.

तुमची डब्याची नोंद अगदी बरोबर. सांधा बिघडलेला असता तर हात वर नेताना कळ आली असती.

रानमेवा:
ऑपरेशन कशाला? रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस घ्या, सकाळी खडे पडतात. आमच्या शेजाऱ्यांचे हिरवे हिरवे पडले, डोळ्यांनी बघितलेत.

खडूफळा:
ते खडे नाहीत हो, तेल आणि लिंबाचा रस यांचे पोटातच झालेले साबणाचे गोळे. आणि खडे असताना तेवढं तेल म्हणजे पिशवीला जोरात आवळायला सांगणं. कृपा करून देऊ नका. ताई, ताप आला, थंडी वाजली किंवा डोळे पिवळे दिसले तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

वाफाळता_चहा:
माझं दोन वर्षांपूर्वी झालं. एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती: ऑपरेशननंतर दोन दिवस उजवा खांदा मरणाचा दुखला. मला वाटलं चुकीचं काहीतरी कापलं. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, उरलेला वायू श्वासपटलाखाली अडकतो. सिस्टरांनी खोलीत चालायला लावलं, तिसऱ्या दिवशी गेलं.

धागाकर्ती:
खडूफळा ताई, टाकी आणि नळ आईला लगेच पटलं, आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. मानेतली नर्व्ह सांगितली तर म्हणाली, "म्हणजे आठ महिने मी बाम फुकट चोळला." तयार झाली आहे, पुढच्या गुरुवारची तारीख.

ते वायूचं आधी सांगू की नको? ऐकून परत माघार घेईल अशी भीती वाटते.

वाफाळता_चहा:
आधीच सांगा. नाहीतर शुद्धीवर आल्या आल्या पहिलं वाक्य "बघ, खांदा अजून दुखतोच आहे" हेच असेल.