मदत हवी आहे: जुन्या गाडीला इंजिन तेल १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०?
नमस्कार मंडळी. माझी १०० सीसी मोटारसायकल २०१३ची, ८२,००० किमी झालेत. रोज खानापूर-बेळगाव, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० आहे. मिस्त्री म्हणतात, "इंजिन जुनं झालंय, २०डब्ल्यू-४० घाला, टकटक कमी होईल."

डब्ल्यूआधीचा आकडा तेलाच्या थंडीतल्या दाटपणाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या, एवढं कळतं. डिसेंबरात पहाटे साडेपाचला किक मारली की दाट तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागेल का, ही खरी काळजी. पण उन्हाळ्यात घाट चढताना तेच बरं पडेल असंही वाटतं. हजार किमीत तेल डिपस्टिकच्या खालच्या खुणेला येतं, धूर मात्र नाही.

क्लच तेलातच फिरतो, म्हणून जासो एमए (तेलात फिरणाऱ्या क्लचसाठीचं मानक) खुणेचंच घेणार. आपल्या भागात कुणी असा बदल केलाय का? ॲव्हरेज किती घटलं? रविवारी तेल बदलायचंय, त्याआधी सांगा.