महिन्याला १८ हजार देणारा ब्लॉग ५ लाखांत घ्यावा का?

धरमपेठकर: रेसिपींचा सहा वर्षं जुना ब्लॉग विकायला आहे. अ‍ॅडसेन्सचे (म्हणजे ब्लॉगवरच्या गूगल जाहिरातींचे) महिन्याला १८ हजार दाखवून राहिला मालक. एफडी मोडू का? बायको म्हणते, त्यापेक्षा बेसा रोडला प्लॉट बघा.

बर्डीवाला: थांबा भाऊ. मी ऑगस्ट २०२३ मध्ये असाच घेतला. सप्टेंबरात गूगलचं हेल्पफुल कंटेंट अपडेट आलं, सर्चमध्ये कोणती साइट वर दाखवायची तेच बदललं, अन् ट्रॅफिक निम्म्यावर! स्क्रीनशॉटवर जाऊ नका. सर्च कन्सोलचा (गूगल सर्चमधून किती लोक येतात ते दाखवणारं टूल) अ‍ॅक्सेस मागा, १६ महिन्यांचा आलेख दिसतो. अन् त्याचं अ‍ॅडसेन्स खातं तुमच्या नावावर होत नाही, स्वतःचं लागते.

गोकुळपेठ_ताई: पुढे लिहिणार कोण? सांबारवडी येते का करता?

धरमपेठकर: खाता येते, ताई. अ‍ॅक्सेस मागितला, तर म्हणे आधी ५० हजार टोकन द्या.

बर्डीवाला: झालं! वहिनींना घेऊन प्लॉट पाहून या.