एनएमएमएसमध्ये बुद्धिमत्तेच्या पेपरला निम्मे गुण कशाला?

खडूवाला:
आठवीच्या एनएमएमएसचा (गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) सराव सुरू झाला की दरवर्षी हाच विचार डोक्यात येतो. परीक्षा 180 गुणांची. त्यातले 90 बुद्धिमत्तेला आणि 90 शालेय विषयांना (विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20). संख्यामालिका, आरशातल्या प्रतिमा, सांकेतिक भाषा, वेन आकृत्या ही वर्गात कुठे शिकवतात? ज्या शाळेत एखादे गुरुजी पदरमोड करून सकाळी जादा तास घेतात, तिथली दहा-बारा पोरं यादीत येतात आणि शेजारच्या गावातलं एकही येत नाही. शेजारची पोरं ढ असतात का? माझ्या मते बुद्धिमत्तेचे गुण 60 वर आणावेत. पोरगं वर्गात जे शिकलं, त्यावर शिष्यवृत्ती ठरू द्या.

माणदेशी:
असहमत, गुरुजी. तुम्ही म्हणता त्याच्या उलट होईल. शालेय विषयांचा पेपर सोडवायला विज्ञानाचा शिक्षक लागतो, प्रयोगशाळा लागते. आमच्या हायस्कुलात आठवीला वर्षभर गणिताला मास्तरच नव्हते. बुद्धिमत्तेचं मात्र जुनं गाईड मिळालं, त्यावर आम्ही तिघं-चौघं झाडाखाली बसून घासलं. मला शिष्यवृत्ती लागली ती त्याच पेपरच्या जोरावर. शिवाय निवड जिल्ह्याच्या कोट्यातून होते. गडचिरोलीच्या मुलाला कोल्हापूरच्या मुलाशी झुंजावं लागत नाही.

खडूवाला:
जिल्ह्याचा कोटा आहे, तालुक्याचा नाही. जिल्ह्याच्या गावातल्या अनुदानित शाळेतला मुलगा आणि डोंगरातल्या वाडीवरचा मुलगा एकाच यादीत येतात. शहरातल्याला शिकवणी परवडते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत दाखवणारा तहसीलदाराचा दाखला जोडला की काम झालं. दाखले कसे निघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

घडीची_पोळी:
ही मर्यादा आधी दीड लाख होती. ती वाढवली ते बरंच झालं, पण महाराष्ट्राचा कोटा 11,682 चाच राहिला. पंगत वाढली, पोळ्या तेवढ्याच. भांडायचं तर यावर भांडा, बुद्धिमत्तेच्या पेपरवर काय भांडताय?

रिक्षा_स्टॅण्ड:
आणि आमचं काय? मुलगी विनाअनुदानित शाळेत आहे, म्हणून फॉर्मच भरता येत नाही. फी कशी भरतो ते आमचं आम्हाला माहीत. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयवाल्यांना वगळलं ते समजू शकतो.

माणदेशी:
रिक्षावाले दादा, तुमची अडचण खरी आहे. पण ही योजना 2008 साली आली ती आठवीनंतर शाळा सोडणारी मुलं थांबावीत म्हणून. फी भरून शिकणारं मूल त्या कडेवर नसतं.

रिक्षा_स्टॅण्ड:
फी थकली की त्या कडेवर यायला एक महिना पुरतो.

तळ्याकाठी:
सगळे निवडीवरच अडकलात. निवड झाल्यावरचं बघा. महिन्याला हजार रुपये, नववी ते बारावी. 2017 पासून तेवढेच आहेत, त्याआधी पाचशे होते. त्यात दहावीला 60 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत). आठवीत जिल्ह्यात झळकलेली मुलगी दहावीत घरचं आजारपण काढता काढता 58 वर थांबली की अकरावी-बारावीचे पैसे गेले. ज्या वर्षी सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी.

घडीची_पोळी:
अट नसेल तर पोरं अभ्यास सोडतील. गुणवत्तेची शिष्यवृत्ती म्हणायचं आणि गुण विचारायचे नाहीत, असं कसं चालेल?

तळ्याकाठी:
विचारा की. पण नववीतून दहावीत जाताना 55 चालतात, मग दहावीलाच एकदम पाच वाढवायचं कारण काय?

खडूवाला:
तळ्याकाठी यांचं पटलं. दोन्हीकडे 55 ठेवा. बुद्धिमत्तेच्या पेपरबाबत मात्र माझं मत तेच आहे. माणदेशी, गाईड घासायला तुम्हाला तिघं-चौघं सोबती तरी होते. माझ्या वर्गात यंदा फॉर्म भरलेली एकच मुलगी आहे.

माणदेशी:
तिला तालुक्याच्या हायस्कूलच्या मुलांबरोबर रविवारी बसवा. मुख्याध्यापक नाही म्हणायचे नाहीत.