गॅस नाही, सगळं विजेवर: रत्नागिरीत गीझर आणि इंडक्शनचं बिल कसं आवरायचं?

तिसरा_माळा

रत्नागिरी शहर, टू बीएचके, चार माणसं. सिलिंडर घेतलेला नाही, पाइप गॅस इमारतीत आलेला नाही, त्यामुळे आंघोळीपासून आमटीपर्यंत सगळं विजेवर. एसी नाही. जानेवारीत २९८ युनिट, फेब्रुवारीत ३१२.

दोन बाथरूममध्ये प्रत्येकी २५ लिटरचा, २००० वॉटचा साठवणीचा गीझर, दोन्हींचा नॉब ६५ वर. ओट्याखाली भांड्यांसाठी ३ लिटरचा ३००० वॉटचा इन्स्टंट. २००० वॉटचं इंडक्शन. बाकी फ्रिज, पंखे, वॉशिंग मशीन, इस्त्री. पाणी सोसायटीच्या बोअरचं, मार्चनंतर मचूळ लागतं.

दोन्ही गीझर सकाळी साडेपाचला लागतात, नऊला बंद होतात. त्यातल्या एकाचा लाल दिवा कोणी पाणी वापरत नसतानाही दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेटतो.

प्रश्न असे: गीझर चालू-बंद करणं स्वस्त की चालूच ठेवणं? दोन्ही काढून इन्स्टंट बसवावेत का? सोलर किंवा हीट पंपाचा (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) उपयोग होईल का? आणि ३०० युनिट ओलांडले की सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, हे खरं का?

वॉटमीटर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ती अफवा दर उन्हाळ्यात फिरते. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. ३१२ युनिट झाले तर वरच्या दराने फक्त १२ युनिट लागतात. उलट फायदा असा की वाचलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं. वर १६ टक्के वीज शुल्क असतंच, तेही तेवढं कमी होतं.

आता गीझर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॉट-तास लागतात, कंपनी कुठलीही असो. आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २७ अंशांचं. २० लिटरची बादली ४० अंशांची हवी तर २० × १३ × १.१६३, म्हणजे ३०२ वॉट-तास, पाव युनिटच्या थोडं वर. चार आंघोळींना १.२ युनिट, महिन्याला ३६. पुण्यातल्या डिसेंबरचा आकडा याच्या दुप्पट निघू शकतो, आपलं पाणी मुळातच कोमट. तुमचे दोन गीझर मिळून महिन्याला ३६ पेक्षा बरंच जास्त खात असतील तर तो वरचा भाग गळती आणि वाया गेलेली उष्णता आहे. नवीन यंत्र घेण्याआधी ती शोधा.

मोजायचं असं: घरातलं सगळं बंद करून फक्त एक गीझर लावा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा मोजा. एका युनिटला किती लुकलुक ते मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. तसं असेल तर २००० वॉटला मिनिटाला १०६-१०७ दिसतील. पाणी तापून कट-ऑफ होईपर्यंतची मिनिटं लिहून ठेवा, तेवढ्यात युनिट निघतात.

चालू-बंदचं उत्तर: चालू ठेवणं कधीच स्वस्त पडत नाही, पण लोक समजतात तेवढं महागही पडत नाही. स्टार लेबलवर २४ तासांत किती युनिट वाया जातात ते लिहिलेलं असतं, ४५ अंशांच्या फरकाला धरून. समजा ०.६ आहे. ६५ अंशांवर चोवीस तास ठेवला तर रोज अर्धं युनिट, महिन्याला १५. तुम्ही नऊला बंद करता तेव्हा टाकीत जे उरलेलं गरम पाणी असतं, त्यातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता दुसऱ्या सकाळपर्यंत जाते. भरलेल्या टाकीला हे ०.३५ युनिट. दोन गीझर तापवलेत तर दोनदा. म्हणून सकाळी एकच बाथरूम वापरा आणि नॉब ५० वर आणा. ५० अंशांचं ११-१२ लिटर पाणी एका बादलीला पुरतं, आणि तेवढं परत तापायला २००० वॉटला नऊ मिनिटं लागतात. दोन आंघोळींत दहा मिनिटांचं अंतर ठेवलं तर एका टाकीत चौघांचं आरामात भागतं. आठवड्यातून एकदा ६० वर नेऊन तापवा, साठलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून.

इन्स्टंट बसवू नका. ३००० वॉटचा इन्स्टंट १३-१४ अंश चढवून मिनिटाला जेमतेम तीन लिटर देतो. बादलीला सात मिनिटं लागतील आणि युनिट तेवढीच.

पान्हा_पकड

तो दर वीस मिनिटांनी पेटणारा दिवा सोडू नका, तुमच्या बिलाची चोरी तिथेच चालली आहे. २५ लिटरची चांगली टाकी ६५ वरून तासाला एक अंशसुद्धा उतरत नाही. थर्मोस्टॅट पाच-सहा अंश उतरल्यावर परत लागतो. म्हणजे कोणी पाणी घेतलं नाही तर दिवा पाच-सहा तासांनी पेटायला हवा. वीस मिनिटांनी पेटतो याचा अर्थ गरम पाणी कुठेतरी जातंय.

बहुतेक वेळा दोषी मिक्सर असतो. हॅन्डशॉवर टोकाला बंद करून ठेवतात आणि मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नॉब उघडे राहतात. मग गरम पाणी मिक्सरमधूनच थंड लाइनमध्ये शिरतं आणि बेसिनच्या नळातून, फ्लशमधून निघून जातं. सिंगल लिव्हर असेल तर आतलं कार्ट्रिज झिजलं की तेच होतं. तपासणी: गीझर तापवा, स्विच बंद करा, बेसिनचा थंड नळ सोडा. पाणी कोमट आलं तर निदान झालं. मग मिक्सरच्या गरम बाजूचा अँगल कॉक बंद करून गीझर परत लावा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा.

दुसरा संशयित सेफ्टी व्हॉल्व्ह, थंड पाइपवर लहान दांडी असलेला. तापताना तो ठिबकतो, ते बरोबरच आहे. २५ लिटर पाणी २७ वरून ६५ वर गेलं की साधारण ४०० मिलि फुगतं, ते तिथून बाहेर येतं. खाली मग लावा. दिवसभरात एका मगापेक्षा जास्त साठलं, किंवा गीझर बंद असतानाही ठिबकत राहिलं, तर आत कचरा अडकलाय किंवा गच्चीवरच्या टाकीचा दाब जास्त आहे. दांडी दोन-तीनदा उचलून सोडा, नाहीच थांबलं तर व्हॉल्व्ह बदला. ठिबक बंद करायला तिथे बूच मारणारे महाभाग भेटतात. त्यांना घरात घेऊ नका, टाकी फुटते.

मचूळ पाण्याचं वेगळं. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ असतं, क्षार फार धरत नाही. पण किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये खारं पाणी आलं की टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) भराभर संपतो आणि मग गंज टाकीला आणि एलिमेंटला लागतो. वर्षातून एकदा उघडून बघा. एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, इनलेट कॉक बंद, गरम नळ उघडा, इनलेटचा पाइप सोडून टाकी रिकामी करा, खालचं झाकण काढा, थर्मोस्टॅटची कांडी न वाकवता बाहेर, फ्लँजचे नट काढा. रॉड अर्ध्याहून बारीक झाला असेल तर बदला. गॅस्केट नवीनच घाला, जुनं परत बसत नाही. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. टाकी भरून गरम नळातून हवा न येता सलग धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही. कोरडं तापलं की एलिमेंट तिथल्या तिथे जातं.

गीझर लावल्यावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटचं कवच गंजून करंट पाण्यात उतरतोय. आरसीसीबी बायपास करू नका. सोबत इमारतीचं अर्थिंगही बघून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थ नावापुरता उरतो. मार्च ते मे खड्ड्यात पाणी घालायचं काम सोसायटीने कोणावर तरी सोपवायला हवं.

पेज_आणि_सुकट

गीझरवर सगळे तुटून पडतात, इंडक्शनकडे कोणी बघत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, इंडक्शनवर पंच्याऐंशी. म्हणजे एका सिलिंडरचं काम १२५-१३० युनिटमध्ये होतं. दीड महिना सिलिंडर पुरणाऱ्या घरात महिन्याला ८५ युनिट स्वयंपाकाचे. गीझरच्या दुपटीहून जास्त.

त्यात सगळ्यात मोठा चोर म्हणजे प्यायचं पाणी उकळणं. दहा लिटरला रोज एक युनिट, महिन्याला तीस. पावसाळ्यात उकळायलाच हवं, पण खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दहा मिनिटं झाकण काढून रटरटवलं की जी वाफ जाते ती महाग, एक लिटर पाणी वाफ होऊन उडायला ०.६३ युनिट लागतात. झाकण ठेवा.

उकडा तांदूळ तासभर भिजवा, मग कुकरला लावा. प्रेशर धरलं की ५००-६०० वॉटवर आणा, शिट्ट्या मोजत बसू नका, शिटी म्हणजे उडालेलं युनिट. बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या, तेवढ्यात तांदूळ आत शिजत राहतो. पेजेलाही तेच, पातेल्यात तासभर रटरटवण्यापेक्षा कुकर.

घावण्यांसाठी बिडाचा तवा चालतो, पण पहिली तीन-चार मिनिटं ६००-८०० वॉटवरच. एकदम २००० वर ठेवला तर मधे करपतो, कडा थंड, आणि बीड तडकूही शकतं. आतली कॉइल वीतभरच असते, त्यामुळे मोठ्या तव्यावर घावण्याची कड कच्ची राहणारच. घावणे लहान घाला.

ओट्याखालचा इन्स्टंट दिवसभर चालू असेल तर तो बंद करा, माशाची भांडी धुताना तेवढा लावा.

तिसरा_माळा

मिक्सरच निघाला, @पान्हा_पकड. गरम बाजूचा अँगल कॉक बंद केल्यावर दिवा साडेचार तास पेटला नाही. हॅन्डशॉवर काढायचा नाही, घरातल्यांना सवय झाली आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर चालेल का, आणि कुठे?

पान्हा_पकड

चालेल. १५ मिमीचे दोन पितळी व्हॉल्व्ह घ्या, मिक्सरच्या दोन्ही पायांच्या आधी, अँगल कॉकनंतर. बाण मिक्सरकडे. एकच लावलात तर उरलेल्या बाजूने उलटा प्रवाह चालूच राहील. आधी लाइन सोडून वाळू-गंज वाहून जाऊ द्या, नाहीतर कण अडकून व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी उघडा राहतो. मात्र नॉब बंद करायची सवय याच्यापेक्षा स्वस्त आहे.

जांभा_आणि_चिरा

सोलर आणि हीट पंपाचं राहिलं.

हीट पंपाला आपल्याइतकी चांगली हवा देशात थोड्याच ठिकाणी, उबदार आणि दमट. एका युनिटात तीन युनिटची उष्णता देतो. पण तुमची गरजच महिन्याला ३६ युनिटची, वाचणार २४. एका फ्लॅटपुरतं ते यंत्र घेण्यात अर्थ नाही. पूर्ण इमारतीचं गरम पाणी एकत्र असेल तर विचार करा, आणि तेव्हा कॉइलच्या पत्र्यांना खाऱ्या हवेसाठी कोटिंग आहे का ते आधी विचारा.

गच्चीवरचा नळ्यांचा सोलर हीटर ऑक्टोबर ते मे उत्तम, जून ते सप्टेंबर जवळजवळ शोभेचा, कारण तेव्हा आभाळच उघडत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या लाइनीतलं दोन-तीन लिटर थंड पाणी आधी सोडावं लागतं ते वेगळं. बसवायचाच तर सांगाडा स्लॅबला नीट बोल्ट करून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हाचा वारा आठवा.

विजेच्या पॅनलना पीएम सूर्यघर योजनेत घरमालकाला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट व वर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण गच्ची तुमच्या एकट्याची नाही. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात, त्यातून पंप आणि लिफ्टचं बिल उतरतं, म्हणजे तुमचा मेंटेनन्स, मीटर नाही. सभेत मांडताना हा फरक आधीच सांगा, नाहीतर पहिल्या बिलानंतर भांडणं होतात.

स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटना सवलत आहे, बिलावर ती वेगळी दिसते का बघा. इस्त्री आणि पाणी उकळणं त्या वेळेत सरकवा. संध्याकाळची आंघोळ असेल तर गीझर साडेचारला तापवून पाचला बंद, सात वाजेपर्यंत टाकीत जेमतेम एक अंश उतरतो.

आणि व्होल्टेज कमी असलं की गीझर जास्त युनिट खातो, असं कोणीतरी सांगेलच. २०० व्होल्टला २००० वॉटचा गीझर १५०० च्या आसपास ओढतो आणि १८ ऐवजी २४ मिनिटं घेतो. युनिट जवळपास तेवढीच.