एमएमसी कन्सोल नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, तातडीने मदत हवी

कळफलक:
एमएमसी म्हणजे विंडोजची व्यवस्थापनाची टूल्स (स्नॅप-इन) एका खिडकीत दाखवणारं कन्सोल. जुन्या मशीनवर बनवलेली त्याची एमएससी फाइल नव्या लॅपटॉपवर कॉपी केली. उघडली की ‘एमएमसी कुड नॉट क्रिएट द स्नॅप-इन’. ॲडमिन म्हणून उघडून झालं, रीस्टार्ट झालं. उद्या सकाळी हेल्पडेस्कच्या सहा जणांना लॅपटॉप द्यायचेत. ‘विंडोज पुन्हा टाका’ सांगू नका.

दीपस्तंभ:
विंडोज कुठलं? प्रो की होम? कन्सोलमध्ये कुठले स्नॅप-इन आहेत? एररखालचा सीएलएसआयडी (स्नॅप-इनचा ओळख क्रमांक) कशाने सुरू होतो?

पाणंद:
एमएमसीचा नाद सोडा. ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं विंडोज ॲडमिन सेंटर २०१८ पासून आहे. एका सर्व्हरवर गेटवे टाका, ४४३ पोर्ट उघडा, सहाही जण ब्राउझरमधून काम करतील. लॅपटॉपवर काही टाकायलाच नको.

दीपस्तंभ:
आणि ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्ज)? ती त्यात एडिट होत नाही, जीपीएमसी हे तिचं कन्सोल लागतंच. आधी त्यांचं अडलेलं सोडवू या.

कळफलक:
विंडोज ११ प्रो. एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, ऑफिसच्या अकाउंट्सची यादी) यूजर्स, डीएनएस, ग्रुप पॉलिसी आणि बॅकअप सॉफ्टवेअरचा एक स्नॅप-इन. एरर चारही ठिकाणी. बॅकअपच्या सीएलएसआयडीआधी ‘एफएक्स:’ आहे, बाकीच्यांना नाही.

दीपस्तंभ:
मग कारणं दोन आहेत: तिघांचं वेगळं, बॅकअपचं वेगळं. एमएससी ही एक्सएमएल फाइल, तिच्यात फक्त स्नॅप-इनची यादी असते. खुद्द स्नॅप-इन त्या मशीनवर असावे लागतात. पहिल्या तिघांसाठी आरसॅट (सर्व्हर दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची टूल्स) हवं: सेटिंग्ज, ऑप्शनल फीचर्स, तिथून एडी डीएस, डीएनएस आणि ग्रुप पॉलिसीची टूल्स. होम असतं तर मिळालंच नसतं.

कळफलक:
तेच करतोय. ०एक्स८००एफ०९५४ हा एरर येतोय.

खडू_फळा:
डब्ल्यूएसयूएस (ऑफिसचा स्वतःचा विंडोज अपडेट सर्व्हर) आहे ना तुमच्याकडे? एरर त्यामुळेच. हे आधी सांगायला हवं होतं. रजिस्ट्रीत यूजडब्ल्यूयूसर्व्हर (अपडेट त्या सर्व्हरवरूनच घ्या, ही सेटिंग) ० करा, विंडोज अपडेट सर्व्हिस रीस्टार्ट करा, आरसॅट टाका, परत १ करा.

दीपस्तंभ:
एका मशीनला ठीक, सहांना नको. मध्येच पॉलिसी रिफ्रेश झाली तर ती किंमत पुन्हा १ होऊ शकते. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम इथे ‘स्पेसिफाय सेटिंग्ज फॉर ऑप्शनल कंपोनंट इन्स्टॉलेशन अँड कंपोनंट रिपेअर’ ही ग्रुप पॉलिसी एनेबल करा आणि विंडोज अपडेटवरून थेट डाउनलोडच्या चौकटीत टिक करा. मग पॉलिसी लगेच लागू व्हायला जीपीअपडेट फोर्स.

अंगणवेल:
हेल्पडेस्कला कन्सोल ऑथर मोडमध्ये (त्यात कन्सोल बदलता येतं) देऊ नका. फाइल, ऑप्शन्समध्ये ‘यूजर मोड, लिमिटेड ॲक्सेस, सिंगल विंडो’ निवडून सेव्ह करा.

खडू_फळा:
मोडने हक्क कमी होत नाहीत. एमएमसीला स्लॅश ए लावलं की तीच फाइल ऑथर मोडमध्ये उघडते. पासवर्ड रीसेटपुरतेच हक्क द्यायचे तर एडीत त्या अकाउंट्सच्या ओयूवर (एडीतला कप्पा) तेवढेच डेलिगेट करा.

कळफलक:
पॉलिसीने आरसॅट बसलं, तिन्ही उघडले. बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं तरी त्याचा नोड तसाच.

दीपस्तंभ:
‘एफएक्स:’ म्हणजे तो डॉटनेटवर लिहिलेला स्नॅप-इन. जुना असेल तर डॉटनेट ३.५ मागतो आणि ते विंडोज ११ मध्ये मुळात बंद असतं. विंडोज फीचर्समधून चालू करा. आत्ताची पॉलिसी त्यालाही उपयोगी पडेल. तरीही नाही उघडला तर तो ३२ बिट आहे का पाहा: नोंद रजिस्ट्रीत वाव६४३२नोडखालच्या एमएमसी, स्नॅपइन्समध्येच सापडेल. तसा असेल तर एमएमसी स्लॅश ३२ ने उघडून त्याची वेगळी एमएससी करा. आरसॅटचे ६४ बिट स्नॅप-इन तिथे चालत नाहीत, एकाच कन्सोलमध्ये कोंबू नका.

कळफलक:
३.५ चालू केल्यावर उघडला. पाच लॅपटॉप बाकी आहेत.