मदत हवी आहे : १२४२ साली मंगोल फौज हंगेरीतून माघारी का वळली?

आमच्या वाचनालयात जागतिक इतिहासावरची व्याख्यानमाला चालते आणि तिच्यातील पुढचे व्याख्यान मंगोलांच्या युरोपमधील मोहिमेवर मला द्यायचे आहे. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक असतात, तशी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेही असतात. ही मुले सांगितलेले वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतात, म्हणून कारणमीमांसा सांगताना मला फार जपून बोलावेसे वाटते. व्याख्यानाचा शेवटचा भाग अडला आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

प्रश्न नीट समजावा म्हणून आधी घटनाक्रम मांडतो. चंगीझखानाचा नातू बातू हा या मोहिमेचा प्रमुख होता आणि तिची लष्करी आखणी वयोवृद्ध सेनापती सुबुताई याची होती. १२३७ च्या डिसेंबरात र्‍याझान पडले, १२४० च्या डिसेंबरात कीव्ह पडले आणि पुढच्याच वसंत ऋतूत मंगोल तुकड्या कार्पेथियन पर्वत ओलांडून मध्य युरोपात उतरल्या. ९ एप्रिल १२४१ रोजी लेग्निका येथे सायलेशियाचा ड्यूक दुसरा हेन्री मारला गेला आणि दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, शायो नदीकाठी मोही येथे हंगेरीचा राजा चौथा बेला याच्या सैन्याचा पूर्ण धुव्वा उडाला. बेलाची बाजू लढाईपूर्वीच कमकुवत झालेली होती. मंगोलांपुढून पळून आलेल्या कुमन टोळ्यांना त्याने आश्रय दिला होता, परंतु त्यांचा प्रमुख कोतेन याला पेश्तमध्ये ठार मारण्यात आले आणि जे कुशल घोडेस्वार हंगेरीच्या बाजूने लढले असते ते देश लुटत दक्षिणेकडे निघून गेले. पराभवानंतर बेला ऑस्ट्रियाच्या ड्यूककडे गेला, तर त्या शेजाऱ्याने मदत करण्याऐवजी त्याच्याकडून पैसा आणि सरहद्दीवरचे तीन परगणे उकळले.

डॅन्यूबच्या पूर्वेचा प्रदेश मंगोलांच्या ताब्यात वर्षभर राहिला. त्या हिवाळ्यात नदी गोठली. बर्फ घोड्यांचे वजन पेलेल की नाही याची खात्री करण्यासाठी मंगोलांनी काठावर गुरे मोकळी सोडून दिली आणि आपण दूर निघून गेल्याचा देखावा केला. पलीकडचे हंगेरियन लोक बर्फावरून येऊन ती गुरे हाकून घेऊन गेले, तेव्हा मंगोलांना हवे ते उत्तर मिळाले. ही हकीकत रॉजेरियस या धर्माधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. तो स्वतः मंगोलांच्या कैदेत राहिलेला होता, त्यामुळे त्याच्या वृत्तांताला वेगळे मोल आहे. नदी ओलांडल्यावर कादान नावाच्या राजपुत्राने बेलाचा पाठलाग थेट एड्रियाटिक समुद्रापर्यंत केला. बेला ट्रोगिरजवळच्या बेटांच्या आसऱ्याने वाचला. आणि मग, १२४२ च्या वसंतात, संपूर्ण फौज पूर्वेकडे निघून गेली; कादानची तुकडी बोस्निया, सर्बिया आणि बल्गेरियामार्गे गेली.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत याचे कारण एका वाक्यात दिलेले असते: महाखान ओगोदेई ११ डिसेंबर १२४१ रोजी मरण पावला, म्हणून नव्या खानाच्या निवडीसाठी बातूला परतावे लागले. कालगणनेच्या दृष्टीने हे अशक्य नाही. काराकोरम ते हंगेरी हे अंतर सरळ रेषेतही सुमारे सहा हजार किलोमीटर आहे, प्रत्यक्ष वाट त्याहून लांब. तरी जागोजागी घोडे बदलणाऱ्या डाकस्वारांना साधारण शंभर दिवसांत ते कापता येण्याजोगे होते. अडचण आहे ती बातूच्या नंतरच्या वागण्याची. तो मंगोलियात गेलाच नाही. व्होल्गाच्या परिसरात त्याने तळ ठोकला, तेथेच पुढे सराय ही राजधानी उभी राहिली, आणि १२४६ मध्ये ओगोदेईचा मुलगा गुयुक याची निवड झाली तेव्हाही आजारपणाचे कारण सांगून तो त्या सभेला हजर राहिला नाही. गुयुक आणि बातू यांचे वैर याच मोहिमेतील एका मेजवानीत उघड झाले होते. निवडणुकीसाठी माघार घेतलेला माणूस चार वर्षांनी झालेल्या त्या निवडणुकीलाच जात नाही, हे मला श्रोत्यांपुढे कसे मांडावे ते कळत नाही.

मूळ साधनेही एकमेकांशी जुळत नाहीत. पोपचा दूत म्हणून गुयुकच्या राज्यारोहणाला हजर राहिलेला प्लानो कार्पिनीचा जॉन खानाच्या मृत्यूचेच कारण देतो. याउलट इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इलखानांच्या दरबाराचा वजीर रशीदुद्दीन आपल्या 'जामी-उत-तवारीख' या ग्रंथात सांगतो की, परत फिरण्याचा निर्णय झाला तेव्हा राजपुत्रांना ओगोदेईच्या मृत्यूची वार्ता मिळालेली नव्हती.

आधुनिक अभ्यासकांपैकी डेनिस सिनॉर यांनी चराईचा मुद्दा पुढे आणला. प्रत्येक मंगोल स्वाराजवळ अनेक घोडे असत आणि हंगेरीचे मैदान एवढ्या जनावरांना दीर्घकाळ पोसू शकत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. २०१६ मध्ये उल्फ ब्युंटगेन आणि निकोला दी कोस्मो यांनी वृक्षांच्या वार्षिक वलयांच्या आधारे असे मांडले की १२४२ च्या आरंभीचे हवामान थंड आणि ओले होते, मैदानात दलदल वाढली आणि घोडदळाची हालचाल व चारा या दोहोंवर परिणाम झाला. हे दोन्ही विचार मला आकर्षक वाटतात, पण पूर्ण पटत नाहीत. याच मैदानात आवार या भटक्या घोडेस्वार लोकांनी सहाव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले आणि हंगेरियन लोक स्वतः घोडेस्वार म्हणूनच तेथे आले होते.

माझे मागणे असे आहे. कार्पिनी आणि रशीदुद्दीन यांच्यातील विरोध कसा तोलावा, आणि हंगेरीतील किल्ल्यांनी केलेल्या प्रतिकाराला माघारीच्या कारणांत कितपत स्थान द्यावे, यावर ज्यांनी विचार केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मराठेशाहीच्या अभ्यासासाठी फारसी शिकलेले अनेक जण येथे आहेत. फारसी तवारिखा वाचण्याची त्यांची सवय मला विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद

आपण प्रश्न चांगला मांडला आहे. फारसी बखरी वाचताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की लेखक कोणाच्या पदरी होता आणि त्याला ती गोष्ट तशी सांगण्यात काय मिळत होते. तोच येथे विचारून पाहावा.

रशीदुद्दीनने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिले, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांनी. हा त्याचा दुबळेपणा. परंतु इलखानांच्या दरबारात मंगोल राजघराण्याची परंपरा जाणणारी माणसे होती आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती त्याने वापरली, ही त्याची ताकद. इलखान आणि बातूचे वंशज यांच्यात १२६२ पासून युद्धे चालू होती, त्यामुळे बातूची प्रतिमा सांभाळण्याची रशीदुद्दीनला गरज नव्हती. तरीही तो बातूचा पराभव झाला असे म्हणत नाही. त्याच्या लेखी मोहीम पूर्ण झाली आणि राजपुत्र परतले, एवढेच.

कार्पिनीची स्थिती वेगळी आहे. तो घटनेपासून केवळ चार-पाच वर्षे दूर होता आणि मंगोल दरबारात प्रत्यक्ष बसला होता, परंतु तेथे त्याच्या कानावर येणारी माहिती बव्हंशी गुयुकच्या गोटातील होती. शिवाय त्याला युरोपला सावध करायचे होते. शत्रू आपल्या बळामुळे परतला नसून केवळ त्याच्या घरातील अडचणीमुळे परतला आहे, तेव्हा तो पुन्हा येईल, हा त्याच्या वृत्तांताचा सगळा रोख आहे. खानाच्या मृत्यूचे कारण त्या रोखाला अगदी सोयीचे होते. म्हणून कार्पिनी खोटे बोलला असे मी म्हणणार नाही; त्याने ऐकले ते त्याच्या हेतूशी जुळले आणि त्याने ते ठळक केले, असे मला वाटते.

माझे मत विचाराल तर मृत्यूच्या वार्तेला माघारीचे कारण म्हणण्यापेक्षा मंगोल परत न येण्याचे कारण म्हणणे अधिक सुरक्षित आहे. ओगोदेईनंतर त्याची विधवा तोरेगेने हिच्या हाती चार-पाच वर्षे कारभार होता, मग गुयुक आला, आणि १२४८ मध्ये तो फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला असतानाच वाटेत मरण पावला. या काळात बातूने आपले लक्ष पूर्वेकडे ठेवले नसते तरच नवल. १२५१ मध्ये त्याच्या पाठिंब्याने मोंगके महाखान झाला, तोवर हंगेरीकडे वळायला त्याला उसंत नव्हती.

प्रतिसाद

वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, पण किल्ल्यांचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोहीच्या मैदानातील विजय डोळे दिपवणारा असल्यामुळे त्या लढाईनंतर हंगेरीत काहीच उरले नव्हते असा समज होतो. प्रत्यक्षात एस्टरगोमचे शहर जळाले, परंतु तेथील बालेकिल्ला शेवटपर्यंत पडला नाही. सेकेशफेहेरवार दलदलीने वेढलेले होते आणि बर्फ वितळू लागल्यामुळे मंगोलांना ते घेता आले नाही. पन्नोनहाल्माचा मठही टिकला. म्हणजे डॅन्यूबच्या पश्चिमेला, जेथे दगडी तटबंदी होती तेथे, फौज अडकत होती. हवामानाचा मुद्दा आपण संपूर्ण मैदानाला लावू नये, पण सेकेशफेहेरवारसारख्या एका वेढ्याला तो नेमका लागू पडतो.

चाऱ्याविषयीही एक समकालीन साक्ष आहे. स्प्लिटचा धर्माधिकारी थॉमस याने कादानची फौज आपल्या शहराच्या परिसरात आलेली पाहिली. तो लिहितो की मार्चचा आरंभ होता, कडाक्याची थंडी होती आणि सगळ्या घोडदळाला पुरेल एवढे गवत नव्हते, म्हणून कादान सैन्याचा काही भागच घेऊन आला होता. सिनॉर यांचा युक्तिवाद संपूर्ण हंगेरीसाठी मान्य नसला, तरी डाल्मेशियाच्या खडकाळ किनाऱ्यावर चाऱ्याने पाठलागाची मर्यादा ठरवली, हे यावरून दिसते.

मंगोलांचा हेतू काय होता, हे विचारल्याखेरीज माघारीचे कारण सापडणार नाही. रॉजेरियस सांगतो की सुगीपूर्वी मंगोलांनी गावोगावी आपले अधिकारी नेमले, लोकांना अभय देऊन शेतात परत बोलावले, पीक घरात येऊ दिले आणि नंतर त्या लोकांची कत्तल केली. ज्यांना तेथे राहून वर्षानुवर्षे वसुली करायची असते ते असे करत नाहीत. हिवाळ्याची बेगमी करून पुढे सरकणारी फौज असे करते. चीनमधील जिन राज्याविरुद्धची लढाई १२११ ते १२३४ चालली आणि त्या काळात मंगोल अनेकदा आत शिरले, परतले आणि पुन्हा आले. १२२३ मध्ये काल्का नदीवर रशियन राजांना हरवून सुबुताई निघून गेला आणि १४ वर्षांनी तेथे परतला. त्या रीतीने पाहिले तर १२४२ ची माघार हा पहिल्या फेरीचा शेवट ठरतो, ज्याची दुसरी फेरी फार उशिरा झाली.

ती दुसरी फेरी व्याख्यानात अवश्य सांगावी. १२८५ च्या हिवाळ्यात नोगाई आणि तालाबुगा हे मंगोल सरदार हंगेरीवर चालून आले, तेव्हा बेलाच्या काळात सुरू झालेले दगडी किल्ले उभे होते आणि ती स्वारी फसली. आपल्या देशाची दुखरी जागा कोणती हे बेलाने ओळखले होते. पेश्तच्या लोकांना त्याने नदीपलीकडे बुडाच्या टेकडीवर वसवले, सरदारांना किल्ले बांधायला जमिनी दिल्या आणि ज्या कुमनांशी आधी वैर झाले होते त्यांनाच परत बोलावून घेतले.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. माघार घेण्याचे कारण आणि परत न येण्याचे कारण वेगळे करावे, ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे बातूचे १२४६ मधील वागणे आपोआप सुसंगत होते. त्याला निवडणुकीत भाग घ्यायचा नव्हता; आपल्या वाट्याचा प्रदेश आणि फौज गुयुकच्या हाती पडू नये, एवढे त्याला पाहायचे होते.

त्यानुसार मांडणी बदलली आहे. आधी थॉमस आणि रॉजेरियस हे प्रत्यक्षदर्शी, कारण त्यांनी फौज पाहिली होती. मग कार्पिनी आणि रशीदुद्दीन समोरासमोर, प्रत्येकाच्या दरबारासह आणि हेतूसह. आणि त्यानंतर चारा, किल्ले व हवामान. 'एका माणसाच्या मृत्यूमुळे युरोप वाचला' हे वाक्य मुले हमखास विचारतील. पूर्व हंगेरीतील जी गावे कायमची ओस पडली त्यांच्या बाबतीत वाचण्याचा प्रश्नच उरत नाही, हे मी त्यांना आधी सांगणार आहे. कैदेतून निसटून रॉजेरियस ट्रान्सिल्व्हेनियातील ज्युलाफेहेरवार या शहरात पोहोचला, तेव्हा त्याला तेथे मारल्या गेलेल्यांची हाडे आणि मुंडकीच दिसली.

एक विनंती उरते. सुबुताईचे चरित्र युआन राजवंशाच्या अधिकृत इतिहासात आहे. त्यात मोहीच्या लढाईत झालेल्या हानीमुळे बातू माघारीचा विचार करू लागला आणि सुबुताईने डॅन्यूबपर्यंत गेल्याखेरीज परतण्यास नकार दिला, असा प्रसंग येतो. विजयी सेनापतीच्या मनात एप्रिल १२४१ मध्येच माघारीचा विचार आला असेल, तर मंगोलांची त्या लढाईतील हानी आपण समजतो त्याहून मोठी होती असे म्हणता येईल का, की चरित्रनायकाला मोठे करण्यासाठी बातूला डळमळीत दाखवले आहे? चिनी साधनांची ओळख असलेल्या कोणी यावर लिहिल्यास मी तो भाग व्याख्यानात घेईन, अन्यथा गाळीन.